एका सुताची खुंटी

धरणगाव म्हटलं की शिकलेली माणसं बालकवींचं नाव घेतात. बालकवींचा जन्म इथलाच, १८९० सालचा. कापसाच्या व्यापाऱ्यांना धरणगाव म्हणजे जिनिंग आणि गाठी. सुरत–भुसावळ लाइनीवरून जाणाऱ्यांना ते खिडकीतून दिसून मागे पडणारं एक स्टेशन. आमच्यासारख्या सुताराच्या घरात वाढलेल्याला मात्र गाव आठवतं ते वासावरून. सागाच्या भुशाचा वास कडवट-गोडसर, बाभळीचा उग्र, आणि कडुनिंब कापताना तर जिभेलाही कडू लागायचं.

आमचे आबा बलुतेदार होते. वखर, तिफण, औत आणि बैलगाडीची चाकं ही त्यांची कामं. मोबदला खळ्यावर मिळायचा, दादरची ज्वारी, थोडा भुईमूग, कधी तुरी. पुढे गाड्यांना रबरी टायर आले, मग ट्रॅक्टर आले, आणि लाकडी चाकाचं काम संपलं. नाना, म्हणजे माझे वडील, दारं-खिडक्यांकडे आणि पेट्यांकडे वळले. अडत्यांच्या पेढीवर बैठकीपुढे ठेवायची उतरत्या झाकणाची मेजं, त्यातले कप्पे, देव्हारे, पाळणे, लेकीला द्यायच्या पेट्या त्यांनी केल्या. पेटीच्या कोपऱ्याला नाना खिळा मारत नसत. फळीच्या टोकाला एकाआड एक बोटं काढायची, दुसऱ्या फळीला तशाच फटी, आणि दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवावीत तसा कोपरा बसवायचा. आम्ही त्याला बोटजोड म्हणायचो. फळीत फळी आडवी बसवायची तर तिच्या जाडीइतका चर पाडायचा, ती खाच. काठाला पायरीसारखं कापायचं, तो पताम. या तीन गोष्टी ज्याला जमल्या त्याला पेटी आली, असं नाना म्हणत.

आमच्याकडे मशीन आली ती मी आयटीआय करून घरी परतल्यावर. मशीन म्हणजे काय, अँगल लोखंडाचा घोडा, वर जाड पत्र्याचं टेबल, खाली दोन हॉर्सपॉवरची मोटर, पट्ट्यावर फिरणारा शाफ्ट आणि टेबलाच्या फटीतून वर आलेलं दहा इंची गोल पातं. मोटरचे फेरे मिनिटाला १४४०. मोटरची पुली शाफ्टच्या पुलीच्या दुप्पट, म्हणून पातं फिरायचं २८८० फेरे. हिशेब केला तर पात्याचा दात ताशी १३५ किलोमीटरच्या वर पळतो.

नानांनी पहिले चार महिने तिला हात लावला नाही. त्यांच्या बरोबरीचा एक कारागीर सॉ मिलवर कामाला होता, त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं तिथेच गेली होती. त्यानंतर त्याला रंधा धरता येईना आणि तो रसवंतीवर बसायला लागला. ते नानांनी जवळून पाहिलेलं. ते घरात अहिराणीच बोलत. मला एवढंच म्हणाले, "करवतले डोया नहीत. तुले दोन शेतस." भीतीशिवाय त्यांची दुसरीही एक तक्रार होती. मशीनवर कापणारा माणूस लाकडाकडे बघत नाही, असं त्यांना वाटे. मशीनवर मी दारांच्या पट्ट्या चिरत होतो तोवर त्या तक्रारीला उत्तर नव्हतं, कारण चिरण्यात बघण्यासारखं फारसं नसतंच.

उत्तर मिळालं ते मधमाश्यांच्या पेट्यांच्या कामात.

तापीकाठचे एक शेतकरी कांद्याचं बी करायचे. कांद्याचा डोंगळा फुलला की त्याला मधमाशी लागते. माशी फिरली नाही तर बोंडात दाणा भरत नाही. सालोसाल ते माश्यांच्या पेट्या भाड्याने आणून बांधावर ठेवत. मग त्यांनी स्वतःच्या वीस वसाहती घ्यायचं ठरवलं, मेलिफेरा जातीच्या. त्याआधी कुठून तरी काही रिकाम्या पेट्या विकत आणल्या होत्या. कोपरे नुसते टोकाला टोक लावून खिळ्यांनी ठोकलेले. आमच्याकडचा मे महिना म्हणजे पंचेचाळीस अंश, त्यावर पावसाळा. एका वर्षात कोपरे उघडले आणि फटींतून मुंग्या आत जायला लागल्या.

ते ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत लाकूड घेऊन आले. त्यांचं जुनं धाब्याचं घर त्याच हिवाळ्यात पाडलं होतं. धाब्याचं घर म्हणजे मातीच्या सपाट छताचं, खाली सागाच्या कड्या आणि फळ्या. साठ-सत्तर वर्षं चुलीच्या धुरात वाळलेलं ते लाकूड, वरून कोळशासारखं काळं. नानांनी एका फळीवर रंध्याचा एक हात मारला आणि आतून मधाच्या रंगाचा साग निघाला. शेतकऱ्यानं ट्रॉलीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "नाना, आपलं घर शे ते. जरा जपीसन काप."

लाकूड त्यांच्याकडे मोजकंच होतं. वीस पेट्यांना ऐंशी फळ्या लागणार, आणि चांगल्या फळ्या निघाल्या शहाऐंशी. साग विकत घेऊन पेट्या करायच्या तर त्यांना परवडणार नव्हतं. जानेवारी चालू होता. फेब्रुवारीत डोंगळे फुलायला लागणार. तेवढ्यात पेट्या हव्या होत्या.

माशीच्या पेटीला मापाची इतकी का पडलेली असते, हे मला तेव्हा नीट कळलं. लॉरेन्झो लँगस्ट्रॉथ नावाच्या अमेरिकन पाद्र्याने १८५१ साली एक गोष्ट हेरली आणि पुढच्या वर्षी तिच्या आधारे केलेल्या पेटीचं पेटंट घेतलं. पोळ्याच्या चौकटी आणि पेटीची भिंत यांच्यामध्ये साधारण पाव इंच ते तीन अष्टमांश इंच जागा ठेवली तर माशी ती वाट म्हणून मोकळी ठेवते. जागा त्याहून कमी झाली तर ती डिंकासारख्या राळेनं बुजवून टाकते. जास्त झाली तर तिथे मेण लावून पोळं बांधते. दोन्हीकडून चौकट अडकते, ओढून काढताना पोळं फाटतं, मध सांडतो, माश्या चिरडतात. आजही मेलिफेराच्या पेट्या जवळपास त्याच मापाच्या असतात.

आता गंमत अशी, की सुताराचं सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. ही सगळी अमेरिकन मापं आमच्या सुतात सरळ बसतात. माशीची वाट तीन सूत. फळीची जाडी सहा सूत. पेटीची लांबी १९ इंच ७ सूत, रुंदी १६ इंच २ सूत, उंची ९ इंच ५ सूत. चौकट टेकायला आतल्या काठावर पताम, तीन सूत रुंद आणि पाच सूत खोल. मी कागदावर इंच-अपूर्णांक लिहून बसलो होतो. नानांनी ते ऐकले आणि उंचीचे सगळे सूत मोजून सांगितले, सत्त्याहत्तर. सात सुताची अकरा घरं. म्हणजे एका फळीला सहा बोटं, पाच फटी, आणि समोरच्या फळीला पाच बोटं, सहा फटी. एकही सूत शिल्लक नाही, एकही कमी नाही.

नानांनी हातानं एक कोपरा करायला घेतला असता तर तासभर लागला असता. वीस पेट्यांचे कोपरे ऐंशी. दहा-बारा दिवसांत तेही झाले असते, आणि सुंदर झाले असते. पण हातानं केलेला कोपरा आपल्याच जोडीदाराला बसतो. नाना फळीच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीनं खुणा करत, या बोटाची फट ही. चुकून फळ्या अदलाबदल झाल्या की जोड बसत नाही. माशीच्या पेट्यांना ते चालणार नव्हतं. त्यात एका पेटीतली चौकट दुसरीत जाते, एका पेटीवर दुसरी चढते. पुढच्या साली एखादी फळी कुजली तर तिच्या जागी नवी बसली पाहिजे. सगळ्या पेट्या सारख्या हव्यात, आणि सारखेपणा हा मशीनचा गुण. तोच तिचा धोकाही आहे. हाताची चूक एका कोपऱ्यापुरती राहते. मशीन मांडताना राहिलेली चूक ऐंशी कोपऱ्यांत जाते, आणि आमच्याकडे जास्तीच्या फळ्या होत्या सहा.

म्हणून पहिले तीन दिवस आम्ही पेटीची एकही फळी कापली नाही.

पहिला दिवस पात्याचा. टेबलाला दोन्ही बाजूंनी लोखंडी नाळी होत्या, त्यांतून गाडी सरकणार. पातं त्या नाळींशी अगदी समांतर हवं. पात्याच्या एका दाताला खडूची खूण केली. तो दात पुढे आणून नाळीपासून अंतर घेतलं, मग हातानं पातं फिरवून तोच दात मागे नेला आणि पुन्हा अंतर घेतलं. अर्ध्या सुताचा फरक निघाला. पातं असं तिरकं असलं तर मागचे दात फळीला घासतात, लाकूड जळतं. आणि मागचे दात खालून वर येत असल्यामुळे ते फळी उचलून कापणाऱ्याच्या पोटावर फेकतात. बेअरिंगच्या ठोकळ्यांचे बोल्ट सैल केले, खाली डब्याच्या पत्र्याच्या पट्ट्या सारल्या, पुन्हा मोजलं. असं सात-आठ वेळा. मग गुण्या लावून पातं टेबलाशी काटकोनात आहे का ते पाहिलं. गुण्या आणि पातं यांच्यामधून उजेड दिसेनासा झाला तेव्हा नाना उठले.

दुसरा दिवस गाडीचा आणि खुंटीचा. नानांना मशीनपाशी ओढलं ते या खुंटीनं.

परदेशात अशा खाचांसाठी पात्यांचा जोड मिळतो. दोन बाजूंना दोन पाती आणि मध्ये कुरतडणारे तुकडे, एका फेरीत हवी तेवढी रुंद खाच. आमच्या शाफ्टवर तेवढी जागाच नव्हती. एकच पातं, आणि त्याचा काप एक सूत. सात सुताच्या फटीला सात फेऱ्या लागणार. प्रत्येक फेरीला पेन्सिलीची रेघ बघून कापलं तर सारखेपणा राहणार नाही. त्यावर तोड अशी. एक सरकती गाडी करायची, तिला पाठीमागे उभी फळी, आणि त्या फळीतून पुढे आलेली लोखंडी खुंटी. खुंटीची जाडी पात्याच्या कापाइतकीच, एक सूत. पहिली फट मापाचा ठोकळा लावून कापायची. मग ती फट खुंटीवर बसवायची. सात सुताच्या फटीत एका सुताची खुंटी, म्हणजे फळी सहा सूत इकडेतिकडे सरकते. डावी कड खुंटीला टेकवून एक फेरी, उजवी कड टेकवून दुसरी, आणि मधलं लाकूड पाच फेऱ्यांत काढून टाकायचं. सहा सूत सरकणं आणि एक सूत काप, मिळून नवी फटही सात सुतांची होते. ती पुन्हा खुंटीवर, की पुढची. खुंटीच्या डाव्या कडेपासून पात्याच्या डाव्या कडेपर्यंत अंतर चौदा सूत, एक बोट आणि एक फट. मागची फट पुढच्या फटीचं माप होते, रेघ मारायलाच नको.

पण खुंटी कापापेक्षा पाव मिलिमीटर जाड राहिली, तर प्रत्येक नवी फट मागच्यापेक्षा पाव मिलिमीटर अरुंद होणार, आणि बोट तेवढंच जाड. पाचव्या टप्प्याला सव्वा मिलिमीटर. जोड हातोडीनंसुद्धा बसणार नाही, ठोकला तर फळी फाटणार. खुंटी बारीक झाली तर उलटं, शेवटचं बोट फटीत खडखडणार. एकदा राहिलेला फरक पुढे वाढतच जातो, सावकाराच्या व्याजासारखा.

एवढं समजावून सांगितल्यावर नानांनी काहीच विचारलं नाही. त्यांनी लोखंडी पट्टीचा एक तुकडा घेतला, पायाच्या अंगठ्याखाली ठोकळा दाबला आणि कानस चालवायला बसले. मी टाकाऊ फळीत पात्याचा एक काप घेऊन त्यांच्या पुढ्यात ठेवला. ते चार हात कानस मारत, खुंटी कापात घालून बघत, काढत, पुन्हा दोन हात मारत. मापायला काही नव्हतं, फक्त बोटाची जाण. दुपारी लाइट गेली. ते लोडशेडिंगचे दिवस होते, तासन् तास मशीन बंद राहायची. कानशीला लाइट लागत नाही. शेजारचे एक काका ओट्यावरून विचारून गेले, "तीन दिन व्हयनात, एक फयी बी कापी नही?" नानांनी मान वर न करता सांगितलं, "कापाले टाइम लागत नही, मांडाले लागस."

संध्याकाळी खुंटी कापात अशी बसली की फळी उलटी केली तरी पडत नव्हती आणि दोन बोटांनी ओढली तर निघत होती. लाइट आल्यावर टाकाऊ तुकड्यांवर पाच फटी काढून जोड बसवून बघितला. तळहाताच्या दाबानं तो आत गेला. नानांनी तो पुन्हा उघडला, पहिलं बोट आणि शेवटचं बोट एकमेकांशेजारी धरून पाहिलं, आणि खुंटी गाडीला कायमची पक्की करायला सांगितली.

तिसऱ्या दिवशी पताम आणि तळफळीची खाच यांची मांडणी केली. तळफळी दोन बाजूंच्या पट्ट्यांच्या खाचेत सरकते. पट्टी पंधरा सूत उंच. त्यात सहा सूत काठ, सहा सुतांची खाच, तीन सूत काठ. तळ सरळ ठेवला तर माशीचं दार सहा सूत उंच होतं, उलटा केला तर तीन सूत. हिवाळ्यात लहान दार बरं. या खाचेला खुंटी लागत नाही, गाइडची पट्टी एकेक सूत सरकवत सहा फेऱ्या घ्यायच्या. पण फळ्या जुन्या घरातल्या, रंधून झाल्यावरही जाडीत केसाचा फरक राहतोच. म्हणून नानांनी सगळ्या तळफळ्या ओळीनं लावल्या, सर्वांत जाड फळी काढली आणि खाच तिच्या मापाची केली. बाकीच्यांसाठी सरस होताच. खोली तीन सूत, म्हणजे पट्टीच्या जाडीच्या निम्मी. त्याहून जास्त खोल गेलं तर पट्टी कमजोर होते, असा त्यांचा नियम.

मग कापायला सुरुवात झाली. आधी प्रत्येक फळीवरून लोहचुंबक फिरवलं. जुन्या घराच्या लाकडात मोडलेले खिळे असतात, आणि पात्याचा दात खिळ्यावर आला तर दात उडतो. सतरा खिळे निघाले. एक तर हातानं घडवलेला, चौकोनी डोक्याचा होता. तो नानांनी खिशात टाकला. ऐंशी फळ्यांना मिळून आठशे ऐंशी फटी, प्रत्येकीला सात फेऱ्या, म्हणजे सहा हजारांवर फेऱ्या होणार होत्या. दोन-दोन फळ्या एकत्र आवळून कापल्या म्हणून त्या निम्म्यावर आल्या. पाठीमागे टाकाऊ फळी, म्हणजे बाहेर पडताना लाकूड उचकटत नाही. माझे हात गाडीच्या दोन मुठींवर, पात्यापासून वीतभर लांब. मुठी नानांनी बसवल्या होत्या, आणि गाडीच्या मागे पातं जिथे बाहेर येतं तिथे लाकडाचा जाड ठोकळा ठोकला होता, म्हणजे अंगठा तिथे पोचायलाच नको. सॉ मिलवरचा मित्र त्यांच्या डोक्यातून गेला नव्हता.

लाइट रात्री अकराला यायची, तेव्हा आम्ही रात्री कापत असू. व्होल्टेज उतरलं की पात्याचा आवाज जड व्हायचा आणि जळका वास यायचा. नाना लगेच हात वर करत, थांब. ते मशीनला हात लावत नसत, पण तिच्या आवाजावर त्यांचे कान असत. मी कापलेल्या फळ्या ते मांडीवर घेत आणि पटाशीनं फटींच्या तळाशी राहिलेले बारीक कंगोरे साफ करत. चौथ्या रात्रीनंतर माझ्या लक्षात आलं की ते आता फळ्यांवर खुणा करत नाहीत. ढिगातली कुठलीही फळी उचलायची आणि कुठल्याही फळीला लावून बघायची. प्रत्येक वेळी ती बसली की ते काही न बोलता पुढची उचलत. पन्नास वर्षं त्यांनी एका फळीला एकच जोडीदार दिला होता.

पेट्या सरसावर जोडल्या. जोडताना कर्ण मोजले, दोन्ही सारखे आले की पेटी काटकोनात. बोटं केसभर बाहेर ठेवली होती, ती रंध्यानं सपाट केली. कोपऱ्यावर आडवी-उभी लाकडाची चौकट उमटली, बुद्धिबळाच्या पटासारखी. शहाऐंशीपैकी चार फळ्या उरल्या. दोन गेल्या होत्या, त्या आतून किडलेल्या निघाल्या म्हणून.

शेतकरी न्यायला आले तेव्हा त्यांनी एक जुनी चौकट बरोबर आणली होती. पहिल्या पेटीत ती टाकली, पतामावर टेकली, दोन्ही टोकांना तीन-तीन सूत मोकळी. दुसऱ्या पेटीत टाकली, तिसऱ्या, अशा वीसही पेट्यांत. मग त्यांनी एका पेटीच्या बाजूवर हात ठेवला. तिथे जुन्या कडीच्या खिळ्याचं काळं भोक राहिलं होतं, नानांनी लाकडाची गुल्ली ठोकून ते बुजवलं होतं. "ही देवघरनी फयी शे," ते म्हणाले. आम्हाला ते कसं कळणार. त्यांना भोकावरून ओळखू आली.

एप्रिलमध्ये बी काढून झाल्यावर त्यांनी आम्हाला शेतावर बोलावलं. नाना तोंडाला पंचा बांधून पेटीपाशी उभे राहिले. शेतकऱ्यानं धूर दिला, झाकण काढलं आणि पहिली चौकट दोन बोटांनी उचलली. ती सरळ वर आली. भिंतीपाशी मेणाचा एक कणही नव्हता, माश्यांनी वाट मोकळी ठेवली होती. नाना वाकून त्या तीन सुतांच्या फटीत बघत राहिले. घरी येताना बसमध्ये एवढंच म्हणाले, की हे गिऱ्हाईक बरं आहे, तोंडावर खोटं बोलत नाही.

त्यानंतर पेट्यांचं काम आमच्याकडे येत राहिलं. प्लायवूडचं फर्निचर शहरातून तयार येतं, त्याच्याशी आमचं दुकान टिकलं नसतं. पेट्यांवर ते टिकलं. नाना मशीनवर शेवटपर्यंत बसले नाहीत, पण मांडणी त्यांच्याशिवाय झाली नाही. पातं बदललं की काप केसभर बदलतो, आणि नवी खुंटी घासावी लागते. अशा पाच खुंट्या आज भिंतीवर तारेत ओवलेल्या आहेत. चार नानांच्या आणि एक माझी. माझी घासायला मला दीड दिवस लागला.